अध्यक्ष झोपत नसतात

मिस्टर जोसाया ब्लँक्सन यांचं म्हणणं असं, की अध्यक्ष कधी झोपत नसतो. तो डोळे मिटून विचार करत असतो. मान छातीवर आली तर विचार खोल गेला असं समजावं, आणि नाकातून बारीक शिट्टी वाजू लागली तर विचार संपत आलाय, एवढाच त्याचा अर्थ. घानाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या सॉल्टपाँडात हे सगळ्यांना मान्य होतं. निदान कुणी तोंडावर अमान्य केलं नव्हतं.

आमच्याकडे अध्यक्षाशिवाय पान हलत नाही. बारसं असो, साखरपुडा असो, चर्चमधला सुगीचा उत्सव असो, कुणाच्या होडीला नवं इंजिन बसलेलं असो, उंच पाठीची खुर्ची आणायची, तिला झालर लावायची आणि तिच्यात एक वजनदार माणूस बसवायचा. त्याने सुरुवातीला चार शब्द बोलायचे आणि शेवटी चार शब्द बोलायचे. मधल्या वेळात त्याने काय करायचं, याबद्दल कुठेच काही नियम नाही. मिशनच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाल्यापासून ब्लँक्सन मास्तर हेच काम करत होते. कपाळ रुंद, चष्मा जाड आणि आवाज असा की वीज गेली तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचावा. आमच्याकडे वीज वारंवार जाते, त्यामुळे त्या आवाजाला मागणीही भरपूर होती.

तर त्या बुधवारी सकाळी मास्तर मक्याची पेज आणि चवळीची भजी समोर घेऊन बसले होते आणि पेलिकन एफएमवर अटो शितोचा कार्यक्रम चालू होता. शितो म्हणजे आमची काळी झणझणीत चटणी. या इसमाने ते नाव स्वतःहून घेतलं होतं, यावरून त्याचा स्वभाव ओळखावा.

"श्रोतेहो," अटो शितो म्हणाला, "मी कुणाचं नाव घेणार नाही. आपल्या गावचे कायमचे अध्यक्ष, मिशनच्या शाळेचे माजी हेडमास्तर, जाड चष्मा, आडनाव ब्लँक्सन. बास, याहून जास्त सांगणार नाही. गेल्या रविवारी पापा आमिसांच्या आभाराच्या कार्यक्रमाला ते अध्यक्ष होते. भाषणं सुरू झाली आणि आमचे अध्यक्ष घोरायला लागले. शेवटी कुणीतरी कोपर मारलं. डोळे उघडून बघतात तर काय, सगळे पांढऱ्या कपड्यांत, बँड वाजतोय, बायका नाचतायत. उठले आणि म्हणाले, या जोडप्याला देव उदंड आयुष्य देवो आणि यांचं घर लेकरांनी भरून जावो. श्रोतेहो, नवऱ्याला आदल्या दिवशी पुरलं होतं."

मास्तरांच्या हातातलं भजं पेजेत पडलं.

आता शनिवारी काळ्या कपड्यांत रडून माणूस पुरायचा आणि रविवारी पांढऱ्या कपड्यांत देवाचे आभार मानायचे, नाचायचं, जेवायचं, ही आमची रीत. लग्नातही आम्ही पांढरं घालतो, नाचतो आणि जेवतो. नुकत्याच जाग्या झालेल्या माणसाला फरक कळणं कठीणच. पण हे झालं नुकत्याच जाग्या झालेल्या माणसाचं. अध्यक्ष मुळात झोपतच नाही म्हटल्यावर तो मुद्दाच उरत नाही.

"तुम्ही बोललात का तसं?" त्यांच्या बायकोने, एफुआने, चुलीजवळून विचारलं.

"मी काय बोललो ते मला ठाऊक नाही का?"

"आहे का?"

मास्तर पेजेतलं भजं चमच्याने शोधू लागले. खरी गोष्ट अशी होती, की त्या रविवारचं त्यांना पहिलं भाषण आठवत होतं आणि नंतरचं एकदम जेवण आठवत होतं. मधे काय झालं ते एफुआला विचारावं, तर तीही तेव्हा मागच्या अंगणात पातेल्यांपाशी होती. बाकी कुणाला विचारणार? आणि विचारायचं तरी कसं? 'काहो, रविवारी मी काय बोललो?' असं अध्यक्षाने विचारलं की तिथेच सगळं संपलं.

दुपारी शताब्दी समितीची माणसं आली. मिशनच्या शाळेला शंभर वर्षं होत होती, मंत्री येणार होते, बिशप येणार होते, आणि त्या दिवसाच्या खुर्चीत ब्लँक्सन मास्तर बसणार हे गावात लहान पोरांनाही माहीत होतं. मास्तरांनी तर भाषण लिहून काढलं होतं, आरशासमोर म्हणून बघितलं होतं, आणि एफुआने त्यासाठी नवं कापड शिवायला टाकलं होतं. समितीची माणसं पाणी प्यायली, हवेबद्दल बोलली, समुद्राबद्दल बोलली, पुन्हा हवेबद्दल बोलली. मग त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा म्हणाला, "मास्तर, खुर्ची तुमचीच. फक्त हे रेडिओचं जरा निवळू द्या. मंत्र्यांसमोर लोक हसले तर बरं दिसणार नाही."

"लोक का हसतील?"

"नाही हसणार," म्हातारा म्हणाला आणि टोपीत तोंड घालून खोकला.

ती माणसं गेल्यावर मास्तर बराच वेळ नुसते बसून होते. बाळपणी ज्या शाळेत ते अनवाणी आले, जिथे त्यांनी छड्या खाल्ल्या आणि मग आयुष्यभर दिल्या, त्या शाळेच्या शंभराव्या वर्षी त्या खुर्चीत बसायचं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं हे एफुआने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मग ते उठले आणि म्हणाले, "मी दावा लावणार."

ही बातमी शेजारी पोचायला वेळ लागला नाही. शेजारची आंटी मर्सी केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, विकते, आणि केंकी घ्यायला अख्खा रस्ता येतो. तिचं म्हणणं पडलं की कोर्टबिर्ट नको, त्या पोराला बोलवा आणि सगळ्यांसमोर दोन कानाखाली द्या. समोरच्या घरातला निवृत्त पोस्टमास्तर म्हणाला की आधी पोलिसांत तक्रार करा, म्हणजे पोलीस म्हणतील हे आमचं काम नाही, आणि मग तसं म्हटल्याचा दाखला कोर्टात कामाला येईल. एकाने सांगितलं, रेडिओ स्टेशनचा मालक माझ्या मेव्हण्याच्या चर्चमध्ये आहे, मी शब्द टाकतो. त्याने शब्द टाकला असावा, कारण दुसऱ्या दिवशी अटो शितोने कार्यक्रमात सांगितलं, "आमच्या मालकांना चर्चमध्ये गाठून दबाव आणला जातोय," आणि मूळ किस्सा पुन्हा पहिल्यापासून सांगितला. ज्यांचा बुधवारी हुकला होता त्यांची सोय झाली.

लॉयर एसिल्फी मास्तरांचे विद्यार्थी होते. मास्तर आत आल्यावर ते अजूनही उठून उभे राहत आणि तळहात पाठीमागे लपवत.

"सर, बदनामी म्हणजे काय? माणूस लोकांच्या नजरेतून उतरणं," एसिल्फी म्हणाले. "तुम्ही कुणाकुणाच्या नजरेतून उतरलात?"

"मी? कुणाच्याच नाही," मास्तर ताठ होऊन म्हणाले. "गावात मला कोण नावं ठेवेल?"

"मग केस होत नाही, सर."

मास्तर घुटमळले. "म्हणजे, काही लोकांच्या थोडा उतरलो असेन."

"थोडा चालणार नाही. चांगलं उतरायला हवं. आणि तसं शपथेवर सांगणारी माणसं हवीत. 'आम्ही हे ऐकलं आणि मिस्टर ब्लँक्सन यांच्याबद्दलचं आमचं मत वाईट झालं.' असे दोन साक्षीदार आणा, बाकी माझ्यावर सोडा."

बाकी म्हणजे कागदपत्रं. अटो शितो बोलला होता आमच्या फांटी भाषेत, आणि कोर्टाला ते इंग्रजीत हवं, तेही सरकारमान्य भाषांतरकाराकडून. भाषांतरकार म्हणाला, मला मूळ ध्वनिमुद्रण लागेल. ध्वनिमुद्रण रेडिओ स्टेशनकडे. स्टेशनने ते विनातक्रार दिलं, वर आवाज सुधारून दिला. मग भाषांतरकाराच्या कचेरीत ते वाजवण्यात आलं. एकेक वाक्य थांबवून, मागे नेऊन, पुन्हा वाजवून. कचेरीतल्या सगळ्या कारकुनांनी काम सोडलं आणि दारात गर्दी केली. 'घर लेकरांनी भरून जावो' या वाक्याचं भाषांतर फारसं अवघड नव्हतं, पण त्यांनी ते कितीतरी वेळा ऐकून खात्री करून घेतली. मास्तर कोपऱ्यातल्या स्टुलावर छत्री मांडीवर धरून बसले होते आणि आपण दुसऱ्याच कुणाच्या कामासाठी आलोय असा चेहरा ठेवत होते.

दावा दाखल झाला आणि पेलिकन एफएमची चंगळ झाली. दर तारखेला अटो शितो म्हणायचा, "श्रोतेहो, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, त्यामुळे मी त्यावर काहीही बोलणार नाही. फक्त दावा कशाबद्दल आहे ते नव्या श्रोत्यांसाठी सांगतो." नवे श्रोते रोज तयार होत होते. पार केप कोस्टहून लोक फोन करायचे. एका पोरीने तर विचारलं की तिचं लग्न ठरलंय, अध्यक्ष म्हणून हे मास्तर मिळतील का. मेलेल्या माणसालाही लागू पडणारा आशीर्वाद आहे, जिवंत नवऱ्याला नक्की लागू पडेल.

मध्येच एकदा आमच्या रीतीप्रमाणे समेटही झाला. अटो शितो दोन वडीलधारी माणसं आणि स्नॅप्स दारूची बाटली घेऊन मास्तरांच्या दारात आला, खाली बसला, डोकं झुकवलं. वडीलधाऱ्यांना पुढे घालून कुणी माफी मागायला आलं की आमच्याकडे नाही म्हणता येत नाही. मास्तरांनी अट घातली की माफी रेडिओवर मागायची. मागतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मागितली.

"मी मिस्टर ब्लँक्सन यांची मनापासून माफी मागतो," अटो शितो म्हणाला, आणि पाठीमागे हळूच बासरी वाजू लागली. "मी म्हटलं होतं की ते घोरत होते. ते घोरणं मी मागे घेतो. मी म्हटलं होतं की त्यांना कोपर मारावं लागलं. ते कोपर मी मागे घेतो. मी म्हटलं होतं की त्यांनी प्रेताला लेकरं व्हावीत असा आशीर्वाद दिला. ती लेकरं मी एकूण एक मागे घेतो."

मास्तर तसेच्या तसे एसिल्फींकडे गेले आणि म्हणाले, "या माफीवर वेगळा दावा लावा."

राहिले साक्षीदार. मास्तर आधी आपल्या जुन्या मित्राकडे, टीचर क्वान्साकडे गेले. दोघांनी एकाच शाळेत आयुष्य काढलं होतं. क्वान्साने सगळं ऐकून घेतलं आणि त्याचा चेहरा पडला.

"जोसाया, मी बायबलवर हात ठेवून सांगू की तू माझ्या मनातून उतरलास?"

"हो. माझ्यासाठी."

"मी तुझ्यासाठी काहीही करेन. पण तुला वाईट म्हणणार नाही."

"अरे, तू मला वाईट म्हटलंस तरच माझं चांगलं होणार आहे."

"हे मला समजत नाही," क्वान्सा म्हणाला, "पण तू म्हणतोस तर येतो. देव मला माफ करो."

क्वान्साच्या चेहऱ्यावरून मास्तरांना फारशी आशा वाटली नाही. दुसरा साक्षीदार पक्का हवा होता. ज्याला आपल्याबद्दल वाईट बोलताना जड जाणार नाही असा गावात एकच माणूस होता, तो म्हणजे निवृत्त बँक मॅनेजर सॅगो. मास्तरांना बोलावणं जमलं नाही की लोक सॅगोला अध्यक्ष करत, आणि ही गोष्ट सॅगो विसरत नसे. मास्तरांनी त्याला जेवायला बोलावलं. एफुआने उकडलेले कंद कुटून फुफू केला, बकऱ्याच्या मटणाचं पातळ सूप केलं, आणि ते वाढताना नवऱ्याकडे अशा नजरेने बघितलं की मास्तर सूपात बघत राहिले.

"म्हणजे मी कोर्टात जायचं," सॅगो बोटं चाटत म्हणाला, "आणि सगळ्यांसमोर सांगायचं की माझं तुमच्याबद्दलचं मत अत्यंत वाईट आहे."

"बरोबर."

"आणि तुम्ही नंतर रागावणार नाही."

"उलट आभार मानेन."

"मिस्टर ब्लँक्सन, अशी संधी कुणी कुणाला देत नाही," सॅगो म्हणाला आणि सूप पुन्हा मागितलं.

सुनावणीच्या दिवशी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. अटो शितो स्वतः पहिल्या बाकावर गुडघ्यावर वही ठेवून बसला होता. न्यायाधीशबाई विग घालून आल्या, पंखा फिरेना म्हणून त्यांनी फायलीने वारा घेतला आणि पहिला साक्षीदार बोलवायला सांगितलं.

क्वान्सा पिंजऱ्यात उभा राहिला. एसिल्फींनी विचारलं, "तो कार्यक्रम ऐकल्यावर मिस्टर ब्लँक्सन यांच्याबद्दल तुमचं काय मत झालं?"

क्वान्साने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी मान हलवून धीर दिला. क्वान्साने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "माय लॉर्ड," तो म्हणाला, "या माणसाने माझ्या मुलाची फी भरली होती. मी आजारी होतो तेव्हा माझे वर्ग घेतले. याच्यासारखा माणूस या किनाऱ्यावर दुसरा नाही. मला शपथ घातलीय, मी दुसरं काय बोलू?" आणि तो रडायलाच लागला. रेडिओचा वकील म्हणाला, आम्हाला उलटतपासणी करायची गरज नाही.

मग सॅगो आला. नवा कोट घालून आला होता. "माझं मिस्टर ब्लँक्सन यांच्याबद्दलचं मत अत्यंत वाईट आहे," त्याने खणखणीत आवाजात सांगितलं. एसिल्फी समाधानाने खाली बसले. रेडिओचा वकील उठला.

"मिस्टर सॅगो, हे मत कार्यक्रम ऐकल्यामुळे वाईट झालं?"

सॅगो विचारात पडला. आता त्याला फक्त हो म्हणायचं होतं. पण बँकेत आयुष्य काढलेला माणूस, हिशोबात खोट त्याला सहन होईना. "नाही," तो म्हणाला. "ते आधीच तळाला होतं. त्याच्या खाली जायला जागाच नव्हती."

कोर्ट हसलं. न्यायाधीशबाईंनी फाइल तोंडासमोर धरली. मास्तरांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. आपल्यावर प्रेम करणाऱ्याने आपल्याला खड्ड्यात घातलं की द्वेष करणाऱ्याने, हे त्यांना ठरवता येईना.

तरीही केस गेली नव्हती. कारण मास्तर ते वाक्य बोलले, असं शपथेवर सांगायला रेडिओकडे कुणीच नव्हतं. त्या रविवारी अर्धं गाव मंडपात होतं, आणि अर्ध्या गावाने ते ऐकून पोट धरून हसूनही घेतलं होतं. पण वडीलधाऱ्या माणसाविरुद्ध कोर्टात उभं राहायचं म्हटल्यावर सगळ्यांना एकदम आठवेनासं झालं. माइक खराब होता, म्हणाले. मी तेव्हा जेवत होतो, म्हणाले. बँडवाल्यांनी तर सांगितलं की वाजवताना आम्हाला काही ऐकू येत नाही. शेवटी रेडिओच्या वकिलाने एकच साक्षीदार बोलावला, पापा आमिसांची बायको, आंटी अराबा. त्या दिवसाचा व्हिडिओ काढलेला होता आणि त्याची एकच प्रत होती, ती तिच्याकडे. तिने ती कुणालाच दाखवली नव्हती.

आंटी अराबा काळ्या कपड्यांत हळूहळू चालत आली. फांटीत बोलायला लागली. कोर्टातल्या सगळ्यांना फांटी येत होतं, न्यायाधीशबाईंनाही, पण दुभाष्या नेमलेला असल्यामुळे तो प्रत्येक वाक्य इंग्रजीत सांगत होता आणि लोक ते दुसऱ्यांदा ऐकत होते.

"आंटी, मास्तर झोपले होते का?" रेडिओच्या वकिलाने विचारलं.

"झोपले होते. झोपू नये तर काय करावं? एकेकाची भाषणं ऐकली असतीत तुम्ही. मलाही झोप येत होती. पण नवरा गेलेली बाईच झोपली तर लोक काय म्हणतील?"

"आणि जागे झाल्यावर ते काय बोलले?"

आंटी अराबाने मास्तरांकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. "रेडिओवर सांगितलं तेच," ती म्हणाली.

मास्तरांनी डोळे मिटले. या वेळी ते खरोखर विचार करत होते. म्हणजे आपण बोललो होतो. इतके दिवस मनात जो एक कोपरा त्यांनी स्वतःलाही उघडून दाखवला नव्हता, तो आता सगळ्या गावासमोर उघडला होता.

एसिल्फी हार मानणाऱ्यांतले नव्हते. ते उठले. "आंटी, नवऱ्याला आदल्या दिवशी पुरलेलं. अशा वेळी कुणी लेकराबाळांचा आशीर्वाद दिला, तर कुठलीही बाई संतापेल. तुम्ही त्या दिवशी संतापलात?"

"नाही."

"ओरडलात? रडलात? मास्तरांना काही बोललात?"

"नाही."

"म्हणजे मास्तर तसं बोललेच नाहीत. दुःखात तुमचा ऐकण्यात गोंधळ झाला असेल. हो की नाही?"

आंटी अराबा दुभाष्याकडे न बघता थेट न्यायाधीशबाईंकडे बघून बोलू लागली.

"आमचं लग्न घरच्या रीतीने झालं, बाई. त्यांच्याकडचे दारू घेऊन आले, आमच्याकडचे हो म्हणाले, झालं. चर्चमधला आशीर्वाद तेवढा राहिला. दर वर्षी आमिसा म्हणायचे, या हंगामात मासळी चांगली लागली की घेऊ. मासळी लागली की जाळं फाटायचं. जाळं झालं की पोरांची फी. राहिलं ते राहिलंच. ज्यांच्या लग्नाला चर्चचा आशीर्वाद नाही त्यांना प्रभुभोजन, तो भाकरीचा तुकडा, देत नाहीत. मी आयुष्यभर मागच्या बाकावर बसले आणि सगळ्या बायका उठून पुढे जाताना बघितल्या." ती थांबली. दुभाष्या इंग्रजीत सांगायचं विसरला होता आणि कुणी त्याला आठवणही करून दिली नाही. "ते गेल्यावर पाद्रीसाहेब म्हणाले, आंटी, आता अडचण राहिली नाही, पुढे या. मी म्हटलं, आमिसा अडचण होते का? ते मेले म्हणून मी चांगली झाले? तशी मी येणार नाही. आणि मग रविवारी मास्तर उठले आणि सगळ्या गावासमोर आम्हाला जोडपं म्हणाले. पाद्रीसाहेब शेजारीच बसले होते. त्यांनी आमेन म्हटलं. सगळ्यांनी म्हटलं. मी रोज बघते तो व्हिडिओ. आता हे साहेब म्हणतात, मास्तर तसं बोललेच नाहीत. कोर्टाने तसं लिहिलं, तर आमचं काय राहिलं?"

पंखा बंद होता, तरी कुणी हात हलवून वारा घेत नव्हतं. एसिल्फी खाली वाकून मास्तरांच्या कानात म्हणाले, "सर, बाई भावनेच्या भरात बोलतायत. व्हिडिओ अजून कोर्टात आलेला नाही. तिच्या एकटीच्या शब्दावर ते जिंकत नाहीत. आपण हे अजूनही वाचवू शकतो. शताब्दीच्या आत निकाल मिळेल."

मास्तर उठून उभे राहिले.

"माय लॉर्ड, मी तसं बोललो."

एसिल्फींनी त्यांच्या कोटाचं टोक ओढलं. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "मिस्टर ब्लँक्सन, आपल्या वकिलामार्फत बोला."

"वकिलांना ठाऊक नाही, माय लॉर्ड. ते तिथे नव्हते."

"आपल्या दाव्यात लिहिलंय की आपण असं काही बोललाच नाहीत."

"ते चुकीचं लिहिलंय."

न्यायाधीशबाईंनी लेखणी खाली ठेवली. "झोपेतून उठून गोंधळात बोललात?"

इथे हो म्हटलं असतं तरी कुणी हसलं नसतं. दमलेला म्हातारा, उन्हाळा, भाषणं. समितीनेही कदाचित समजून घेतलं असतं. पण झोपेत बडबडलेल्या माणसाच्या आशीर्वादाला काय किंमत? मास्तरांनी एकदा आंटी अराबाकडे बघितलं आणि शाळेच्या प्रार्थनेला लावायचे तो आवाज लावला.

"मी पूर्ण जागा होतो, माय लॉर्ड. नवरा कोण, बायको कोण, आणि त्यातल्या कुणाला आदल्या दिवशी पुरलंय, हे सगळं मला माहीत होतं. विचार करून बोललो."

"गेलेल्या माणसाला उदंड आयुष्य?"

"तिकडचं आयुष्य, माय लॉर्ड. ते उदंडच असतं."

"आणि घर लेकरांनी भरून जावो?"

"भरलेलंच आहे. सगळी माझ्याच शाळेत होती."

न्यायाधीशबाईंनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. कोर्टात बसलेल्या प्रत्येकाला, अगदी दारातल्या शिपायालाही, मास्तर त्या रविवारी गाढ झोपले होते हे पक्कं ठाऊक होतं. शपथ घेतलेल्या त्या खोलीत दिवसभरात एवढं मोठं खोटं दुसरं कुणी बोललं नव्हतं, आणि कुणी खाकरलंसुद्धा नाही. अटो शितोने वहीत काही लिहिलं, मग ते पान फाडून खिशात घातलं. दावा फेटाळला गेला. खर्च मास्तरांवर बसला.

शताब्दीला खुर्चीत सॅगो बसला. मंत्री आले, बिशप आले, बँड वाजला. ब्लँक्सन मास्तर निमंत्रितांत तिसऱ्या रांगेत बसले होते, नवं कापड अंगावर घेऊन, कारण एफुआ म्हणाली की शिवलेलं कापड फुकट घालवायचं नाही. सॅगोने शेवटी भाषण केलं, ते बरंच लांबलं. मास्तरांना त्याचं वाईट वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. फार वाईट वाटलं. घरी आल्यावर ते जेवले नाहीत आणि आपलं लिहून ठेवलेलं भाषण त्यांनी ट्रंकेत तळाशी घातलं.

पुढच्या रविवारी प्रभुभोजनाचा दिवस होता. पाद्रीसाहेबांनी रीतीप्रमाणे लोकांना पुढे बोलावलं, बायका उठल्या, आणि मागच्या बाकावरून आंटी अराबाही उठली. पांढऱ्या कपड्यांत होती. मधल्या वाटेने चालत ती पुढे गेली, कठड्यापाशी गुडघे टेकले आणि दोन्ही तळवे पुढे केले. पाद्रीसाहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग सगळ्या चर्चकडे बघितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा तिच्या हातावर ठेवला.

ती उठली आणि परत निघाली. मागच्या बाकापर्यंत गेली नाही, मध्येच थांबली. ब्लँक्सन मास्तरांनी छत्री उचलली, एफुआला खुणावलं, आणि दोघांनी सरकून आंटी अराबाला जागा करून दिली.